तीन नंबर कुठून मोजायचा

सोलापूर,
गुरुवार, ता. ९ एप्रिल

आदरणीय दाजी यांस,

जोतिरामचा जयभीम घ्यावा, आणि लगोलग आणखी एक घ्यावा. (दुसरा मागच्या वर्षीचा आहे. तुम्ही न जेवता एसटीत जाऊन बसलात तेव्हा घालायचा राहिला होता.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? आमच्या अक्काची साखर यावेळी किती निघाली? तिला म्हणावं, तुझा भाऊ विचारत होता, आणि चहात गूळ घातला म्हणजे साखर सोडली असं होत नाही. दारातला शेवगा यंदा धरला का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. केसर बरी आहे, राजश्री तिच्या बँकेत बरी आहे, नात बुद्धप्रिया तिसरीत आहे आणि मला शुद्धलेखन शिकवते. (या पत्रातल्या चुका तिनं काढायच्या आत पाकीट चिकटवणार आहे.) गाडी तेवढी मध्ये आजारी होती. पण ते पुढं येईलच, आधी तुमची विचारपूस.

फोनच्या जमान्यात हे पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. दाजी, तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय. मला आधी वाटलं तुमचा फोन बिघडला. पंधरा दिवस मी रोज एकदा लावून बघत होतो. (नुसता तपासायला, बोलायला नव्हे.) मग राजश्रीनं माझा फोन हातात घेतला आणि हसायलाच लागली. आता मला एवढं सांगा, ज्या माणसाला अजून मोबाईलची घंटी बारीक करता येत नाही, ज्याचा फोन लग्नातही वाजतो आणि मयतीतही वाजतो, त्याला ब्लॉक करायला कुणी शिकवलं? घरातलाच कुणीतरी असणार. असो. पोस्टमनला काही तुम्हाला ब्लॉक करता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मागच्या वर्षी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी माझ्या बाजूनं एकदा लिहितो, कारण तुमच्या बाजूनं तुम्ही सगळ्या टेंभुर्णीला सांगून झालंय. जयंतीची मिरवणूक. एकोणीस वर्षं मंडळाची पहिली गाडी आपली. मिरवणुकीत गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त, दीड किलोमीटरला सहा तास. आपल्या गाडीचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. रस्त्यावर पळवली की काही तक्रार नाही, पण उभी केली की थरथरायची. डुगडुग डुग, डुगडुग डुग, मधेच एक ठोका गिळायची आणि मागून पांढरा धूर सोडायची, त्याला कच्च्या डिझेलचा वास. चौकात गाडी उभी असताना तुम्ही पांढऱ्या कपड्यात पुढं आलात, सायलेन्सरसमोर तळहात धरलात, हाताचा वास घेतलात, आणि केबिनच्या पायरीवर चढून तुमच्या त्या डेपोतल्या आवाजात मला म्हणालात, तीन नंबर मुततोय! दाजी, माईक तिथंच टांगलेला होता आणि तो चालू होता.

आता आपल्या धंद्यात नोझल डिझेलचा फवारा मारायचं सोडून थेंब थेंब गळायला लागला की त्याला हेच म्हणतात, हे तुम्हाला माहीत, मला माहीत. चौकाला माहीत नव्हतं. गाडीवर पुढच्या बाजूला मंडळाचे पदाधिकारी ओळीनं उभे होते. पहिला अध्यक्ष प्रदीप, दुसरा उपाध्यक्ष, आणि तिसरे आपले बापूसाहेब गुरुजी, रिटायर हेडमास्तर, वय बहात्तर, अंगात कडक इस्त्रीची पांढरी पँट. सगळ्या चौकानं गुरुजींच्या पँटीकडं बघितलं. गुरुजींनी स्वतः पण खाली बघितलं. त्यानंतर गुरुजी जे खाली उतरले ते थेट घरी गेले, आणि वर्षभर माझ्याशी फक्त मान हलवून बोलतात.

मग मी तुम्हाला बोललो. काय बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. दाजी, तुमचे कान आता रिटायर झालेत, डेपोनं तुम्हाला उगाच नाही घरी बसवलं, असं मी म्हणालो. माईक तेव्हाही चालू होता हे मला नंतर कळलं. चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस, ज्याला बोलवायला बार्शीहून जीप यायची, त्याला मी भर रस्त्यात असं बोललो. वर तुम्ही निघून गेल्यावर पेंटरला बोलावून गाडीवरच्या ‘अक्का-दाजी कृपा’मधला दाजी पुसून घेतला. (पेंटरनं तीनदा विचारलं, मधल्या जागेत काय लिहू? मी म्हणालो, काही नको. तेव्हापासून गाडीवर ‘अक्का-’ मग कोरी जागा आणि मग ‘कृपा’ असं आहे. एमआयडीसीतला वॉचमन मला विचारतो, काका, हे अक्काचं आडनाव राहिलंय का?)

आता एक गोष्ट सांगतो जी मी केसरलाही सांगितली नव्हती. मिरवणुकीनंतर चौथ्या दिवशी मी गुपचूप बाजारातून नवा नोझल आणला, घराच्या मागं गाडी लावली आणि कुणाला न दाखवता स्वतःच्या हातानं तीन नंबरचा नोझल बदलला. तुमचं ऐकून! पण तुमचं ऐकलं असं कुणाला दिसता कामा नये म्हणून मेकॅनिककडं नेली नाही. गाडी चालू केली. डुगडुग डुग. तोच ठोका, तोच धूर, तोच वास. दाजी, मी काय खूश झालो म्हणून सांगू! आपली गाडी बिघडलेलीच राहिली याचा एवढा आनंद सोलापूर जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या गाडीवाल्याला झाला नसेल. लगेच अक्काला फोन लावला, सांग तुझ्या मालकांना, तीन नंबर बदलला, काही फरक नाही, कान तपासून घ्या म्हणावं. मग मोहोळच्या लग्नात सांगितलं, बार्शीच्या साखरपुड्यात सांगितलं, माढ्याच्या बारशात तर लोकांनी मला सांगितलं की जोतिराम, हे आम्हाला माहीत आहे. तुम्ही ब्लॉक केलं ते त्या बारशानंतर, असा माझा हिशेब आहे.

पण गाडीला काय तुमचं-माझं भांडण कळतंय? ती दिवसेंदिवस बिघडतच गेली. मी रोज एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे भरून ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला टाकतो, तर कारखानदार म्हणाला, जोतिराम, तुझ्या गाडीतून गेलेल्या टॉवेलला डिझेलचा वास मारतो, गिऱ्हाईक तोंड पुसायला घेतं हो ते. मार्चमध्ये केसरनं गच्चीवर कुरडया वाळत घातल्या, आणि मी खाली गाडी गरम करत अर्धा तास उभा. संध्याकाळी एक कुरडई तळून बघितली. तुम्हाला काय सांगू, तिची चव पेट्रोलपंपावर उभं राहून खाल्ल्यासारखी होती. एकट्या आमच्याच नाहीत, गल्लीतल्या सहा घरांच्या कुरडया गेल्या. केसरनं चार दिवस मला जेवायला वाढलं पण बोलली नाही, आणि गल्लीतल्या बाया अजून मला बघितलं की पदर नाकाला लावतात.

त्यातून मंडळाची मीटिंग झाली. (मला मुद्दाम उशिरा निरोप दिला.) यंदा मिरवणूक रविवारी, एकोणीस तारखेला. गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, गाडीमागं लेझमाची पोरं असतात, गाडीवर लहान मुलं असतात, सहा तास हा धूर त्यांनी का प्यायचा? बरोबरच बोलले. ठरलं असं की शनिवारी अठरा तारखेला संध्याकाळी सहा वाजता मंडळ आमच्या दारात येणार, गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवायची, आणि गुरुजी स्वतः सायलेन्सरमागं उभे राहणार. वास आला तर त्यांच्या भाच्याची नवीकोरी गाडी पुढं, आणि आपली एकोणीस वर्षांनी बाहेर. मी ते पण सोसलं असतं. पण यंदा बुद्धप्रिया गाडीवर पुढं उभी राहून उद्देशिका म्हणणार आहे, महिनाभर पाठ करतेय, आता झोपेत पण ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणते. ती मला म्हणाली, आजोबा, मला तुमच्याच गाडीवर उभं राहायचंय, पण तुमच्या गाडीवर डोळे झोंबतात. तेव्हापासून माझी झोप गेली.

मग मी उपाय सुरू केले. पहिल्यांदा डिझेलवर संशय घेतला आणि पंप बदलला, पंधरा दिवस मंगळवेढा नाक्यापर्यंत लांब जाऊन डिझेल भरलं. फरक नाही. मग फिल्टर बदलला, पाइपात हवा धरली असेल म्हणून हवा काढली. (अर्धी माझ्या शर्टावर काढली.) फरक नाही. मग शेजारचे एकजण म्हणाले, टाकीत थोडं रॉकेल घाला. एवढा मी अजून कामातून गेलो नाही, म्हणून घातलं नाही. मग मौलालीकडं गेलो. मौलाली म्हणजे अक्कलकोट रोडचा पंपवाला, डिझेलचा पंप आणि नोझल तपासतो तो. त्यानं पंप खोलून मशीनवर लावला, तासभर बघितलं आणि म्हणाला, पंप एकदम चोख है जी, इसकू नक्को छेडो. नोझल बघू का म्हणाला, तर मी छाती पुढं काढून म्हणालो, नोझल बघायची गरज नाही, जो संशयाचा होता तो मी स्वतः बदललाय. माझ्या आवाजातला रुबाब बघून त्या बिचाऱ्यानं नोझल न बघताच पंप परत बसवून दिला. दाजी, हा रुबाबच मला नडला.

शेवटी परवा, मंगळवारी, सकाळीच गाडी घेऊन शिवानंदच्या गॅरेजला गेलो. शिवानंद अक्कलकोटकडचा, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलतो, हात फार शांत. दुपारी एकच्या सुमाराला केसरचा फोन आला, जेवायला येताय का? मी म्हणालो, गाडी मिसिंग हाय, आज काय जेवायला येत न्हाय. एवढं बोललो आणि फोनची बॅटरी संपली. आता गॅरेजच्या भाषेत इंजिनाचा ठोका चुकायला लागला की गाडी मिसिंग मारते म्हणतात. पण केसर रोज रात्री टीव्हीवर त्या पोलिसांच्या मालिका बघते. तिच्या लेखी मिसिंग म्हणजे एकच. तिनं राजश्रीला बँकेत फोन केला, आणि राजश्रीनं घरच्या ग्रुपवर टाकलं, ‘बाबांची गाडी मिसिंग आहे. बाबांचा फोन लागत नाही.’ पुढं तीन रडकी तोंडं. बँकेत असल्यामुळं पोरगी थोडक्यात आणि मुद्द्याचं लिहिते, त्याचा हा परिणाम.

इकडं मला यातलं काहीच माहीत नाही. मी टायरवर बसून चहा पितोय. शिवानंदनं इंजिन जागेवर चालू ठेवलं, पाना घेतला आणि म्हणाला, मालक, आता एकेकाची हजेरी घेतो. म्हणजे त्यानं काय केलं, एकेका नोझलकडं जाणारा डिझेलचा पाइप थोडा ढिला करायचा आणि इंजिन काय म्हणतं ते ऐकायचं. जो सिलेंडर काम करत असेल, त्याचं डिझेल तोडलं की इंजिन जास्त डगमगतं. जो आधीच काम करत नाही, त्याचा पाइप सोडला काय आणि लावला काय, इंजिनाला पत्ताच लागत नाही. (तुम्हाला हे सांगणं म्हणजे अति झालं, पण अक्का पत्र वाचून दाखवणार, तिला कळायला पाहिजे.) पहिला ढिला केला, इंजिन डगमगलं. दुसरा ढिला केला, डगमगलं. तिसरा ढिला केला. डुगडुग डुग, डुगडुग डुग. जसं होतं तसंच! शिवानंद म्हणाला, सापडला, तीन नंबर.

मी चहा खाली ठेवला. म्हणालो, शक्यच नाही, तीन नंबरला मी मागच्या वर्षी नवा नोझल घातलाय. शिवानंद वाकून बघायला लागला आणि म्हणाला, मालक, नवा तर दोन नंबरला दिसतोय. मी म्हणालो, तोच तीन नंबर. तो म्हणाला, नाही, हा दोन. मी म्हणालो, एक, दोन, तीन, आणि बोटानं माझ्या शिटाकडून रेडिएटरकडं मोजत गेलो. शिवानंदनं माझ्याकडं असं बघितलं, जसं डॉक्टर नातेवाइकांकडं बघतात. म्हणाला, अय्यो मालक, नंबर रेडिएटरकडून मोजतात की.

दाजी, मी बत्तीस वर्षं गाडी चालवतोय. बत्तीस वर्षं मी त्या शिटावर बसतो, सगळी दुनिया त्या शिटापासूनच मोजतो. डावं-उजवं माझ्या शिटावरून, पुढं-मागं माझ्या शिटावरून, मग सिलेंडर दुसरीकडून कोण मोजणार? चार सिलेंडरच्या इंजिनात माझा तीन म्हणजे दुनियेचा दोन. म्हणजे मागच्या वर्षी मी चांगला नोझल काढून फेकला, गळका होता तो तिथंच ठेवला, आणि तुमचे कान गेले म्हणून तीन तालुके सांगत सुटलो. शिवानंदनं खरा तीन नंबर काढून मौलालीकडं नेला. मौलालीनं मशीनवर लावून दाबला, तर फवारा नाहीच, थेंब थेंब थेंब. तो माझ्याकडं बघून म्हणाला, ये नोझल नै जी, ये तो नल है. तिथली सगळी हसली. मी पण हसलो, न हसून करतो काय, पण आतून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पांढऱ्या कपड्यातला माणूस, नुसता तळहात धरून, अर्ध्या मिनिटात सांगून गेला होता. वर्षभर मी ते खोटं ठरवत बसलो.

संध्याकाळी साडेसहाला घरी आलो तर दारात सगळी गल्ली. राजश्री अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली, केसरचे डोळे सुजलेले. गाडी माझ्यामागं उभी बघून केसर आधी रडली आणि मग तिनं मला जे काही सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. ग्रुपवर ‘सापडली’ असं गेलं, सगळ्यांनी अंगठे पाठवले, विषय संपला. मी जेवायला बसलो. तेव्हा केसर म्हणाली, तुम्हाला एक सांगायचं नाही म्हणून अक्कांनी मला शपथ घातलीय. (ती शपथ भाकरीचा दुसरा तुकडा मोडेपर्यंत टिकली.)

म्हणजे दाजी, अक्कानं तो ग्रुपवरचा मेसेज तुम्हाला वाचून दाखवला, आणि तुम्ही वर्षभर माझं नावही घेत नव्हता ते, ओला टॉवेल डोक्याला बांधून, गुडघ्याला पट्टा लावून मोपेड काढलीत. चोराला पुण्याकडं न्यायची तर टेंभुर्णीवरूनच न्यावी लागेल, असं म्हणून हायवेवर स्पीडब्रेकरजवळ, जिथं गाड्या हळू होतात, तिथं जाऊन उभे राहिलात. दुपारी दीडपासून पावणेसातपर्यंत. एप्रिलच्या उन्हात. एका पोलिसानं विचारलं, आजोबा, काय करताय? तुम्ही म्हणालात, ऐकतोय. नंबर का बघत नाही, तर म्हणालात, चोर नंबर बदलतो, इंजिनाचा आवाज कुठनं बदलेल? सव्वापाच तासांत तुम्ही चारशे सोळा गाड्या ऐकल्यात असं अक्का म्हणते. आणि मग अक्कानं फोन करून सांगितलं की गाडी गॅरेजमध्येच होती, ठोका चुकत होता म्हणून. तर तुम्ही एवढंच म्हणालात, म्हणजे आपलं मिसिंग व्हय ते! आणि घरी येऊन दोन तांबे पाणी पिऊन आडवे झालात.

आता तुम्हीच सांगा. चौतीस वर्षं तुम्ही रोज दहा-दहा गाड्यांच्या कार्डावर ‘मिसिंग’ असा शेरा मारलात. अख्ख्या महाराष्ट्रात हा शब्द तुमच्याइतका कुणी लिहिला नसेल. तुमचा तर तो घरचा शब्द. आणि तुम्हालाच तो उलटा कळावा? केसर म्हणाली, जीव घाबरला की शब्दाचा अर्थ कुठं सुचतो. मी हातातला घास ताटात ठेवला आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसलो. तुम्ही माझ्या गाडीसाठी नाही, माझ्यासाठी उन्हात उभे होता, एवढं मला कळतं.

तेव्हा दाजी, माझं चुकलं. हे सरळ लिहितो, कंसात घालत नाही. कान तुमचे शाबूत आहेत. मोजायला मीच चुकलो, बोलायलाही मीच चुकलो. मोहोळ, बार्शी आणि माढा या तिन्ही ठिकाणी मी फोन करून खरं काय ते सांगितलं आहे. (माढ्याचे लोक म्हणाले, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं.) पेंटरलाही सांगितलंय, कोऱ्या जागेत काय लिहायचं ते त्याला पाठ आहे.

बाकी सगळं ठीक. गाडी नीट झाली आहे, काळजी नसावी. उन्हात फिरू नका, मोपेडचं हेल्मेट वापरा, अक्काला गुळावरून फार बोलू नका. थोरांना जयभीम, धाकट्यांना गालगुच्चा, आणि शेवग्याला माझ्या वाटचं एक कळशी पाणी.

तुमचा मेहुणा,
जोतिराम

ता.क. गाडी नीट झाली असं वर लिहिलं आहे, ते तुम्हाला उगाच घोर नको म्हणून. खरं सांगायचं तर नीट झालेली नाही. अजून तसाच ठोका चुकतो, तसाच वास येतो. शिवानंदनं हात टेकले. म्हणाला, हे माझ्या हातचं नाही, ज्यानं ओळखलं त्याच माणसाला बोलवा. शनिवारी सहाला गुरुजी येणार, म्हणजे तुम्ही सकाळच्या गाडीनं निघालात तर बरं होईल. तुमचे पाने घेऊन या, माझे पाने तुम्हाला आवडत नाहीत हे मला माहीत आहे. गाडीला तुमच्याशिवाय कुणी हात लावणार नाही, मी लावू देणार नाही.

ता.क. दुसरा. अक्कालाही आणा. केसर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करणार आहे. रविवारी गाडीवर तुम्ही पुढं केबिनमध्ये माझ्या शेजारी बसायचं. माईक मी स्वतः तपासून बंद करेन.

दाजी, मी केसर लिवते. ह्ये आंगुळीला गेल्यात तवर घाईनं लिवते. ह्येंनी पत्र लिवून चार दिस झालं, पाकीट न चिटकवता शर्टाच्या खिशात घिऊन फिरायल्यात, पोष्टात काय टाकंनात. म्हनून मी आजच्या टेंभुर्णी गाडीच्या कंडक्टरकडं देतीया, त्यो तुमाला वळखतो म्हनाला. आता खरं सांगते. गाडी बुदवारी सकाळीच नीट झालीया. शिवानंदनं नवा नोझल घातला आन् गाडी अशी चालाय लागली की दारात हाय का न्हाय ते कळंना. धूर न्हाय, वास न्हाय. मी पुन्यांदा कुरडया घातल्या, गल्लीतल्या बाया आल्या, समदं चांगलं झालं. तर बुदवारी संद्याकाळी ह्यो माणूस कुनाला न सांगता मागच्या अंगनात गेला, नवा नोझल काढला आन् त्यो जुना गळकाच परत बशिवला. ह्या येळंला रेडिएटरकडनं बराबर मोजला. मी इचारलं, आवं, ह्ये काय करताय? तर म्हंत्यात, नुसतं या म्हनलं तर दाजी येनार न्हाईत, काम हाय म्हनलं तर येतील.

तवापासनं गाडीला कुनाला हात लावू देत न्हाईत. शिवानंद दोनदा येऊन ग्येला, त्येला चा पाजून लावून दिलं. मी म्हनलं, दाजी न्हाय आलं आन् गुरुजी आलं तर? तर म्हंत्यात, तर मग जाऊ दे भाच्याची गाडी फुडं, पोरगी तिच्यावर उभी ऱ्हाईल, मी मागनं चालत जाईन. आन् खरंच जातील, मला म्हाईत हाय. एकोनीस वर्सांचा मान, नातीचा हट्ट, समदं ह्येंनी तुमच्यावर लावून ठिवलंय. तवा तुमी या. नवा नोझल कुटं लपिवलाय ते मला ठाव हाय, तुमी आला की आनून देते. तुमी आपलं लई अवघड हाय असं म्हना, थोडा येळ लावा, आन् मी ह्ये लिवलंय ह्ये ह्येंना कदी कळू दिऊ नका.